गोणपाटावर बसलेल्या पोरानं उभं केलं नागसेनवन

उमरखेडहून हदगावकडे निघालं की मध्ये पैनगंगा लागते. आज पूल ओलांडायला दोन मिनिटं लागत नाहीत. पण एक काळ असा होता, की अलीकडचा यवतमाळ जिल्हा इंग्रजांच्या कारभारात आणि पलीकडचा मुलूख निजामाच्या. तसा कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचाच, पण 1853 पासून कारभार इंग्रजांकडे गेला. जुनी माणसं पलीकडच्या गावांना अजूनही मोगलाई म्हणतात. लग्नं जुळायची, बैलबाजार व्हायचे, पण दोन्हीकडच्या पोरांच्या शिक्षणात फार फरक होता.

अलीकडचा पोरगा मॅट्रिक झाला आणि बापाजवळ पैसा असला, तर अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज होतं, नागपूरचं मॉरिस आणि हिस्लॉप कॉलेज होतं. पलीकडच्या पोराला औरंगाबादला इंटरपर्यंत शिकता यायचं. पदवी पाहिजे असेल तर थेट हैदराबाद. तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणं उर्दूतून. गावकुसाबाहेरच्या पोराचं तर नावच नको. मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांत पदवीपर्यंत शिकवणारं एकही कॉलेज नव्हतं.

तिथं पहिलं तसं कॉलेज काढलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. घटना लिहिणारे बाबासाहेब सगळ्यांना माहीत आहेत. चवदार तळ्याचे, दीक्षाभूमीचे बाबासाहेबही माहीत आहेत. पण इमारतीचा नकाशा पुढ्यात घेऊन बसणारे, बांधकाम चालू असताना माळावर येऊन पाहणी करणारे बाबासाहेब आपल्या खेड्यापाड्यांत कमी सांगितले जातात.

त्यासाठी मागं जावं लागतं.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, मध्य भारतातल्या महू छावणीतला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचे. मूळ गाव कोकणातलं आंबडवे. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्याला आलं आणि भीमराव तिथल्या शाळेत जाऊ लागला. बसायला घरून गोणपाटाचा तुकडा न्यायचा आणि शाळा सुटली की परत आणायचा. त्या तुकड्याला झाडणारा गडीही हात लावत नसे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई जागेवर नसेल तर तहान दाबून बसायचं. म्हणजे शाळेची इमारत होती, नळही होता, आणि तरी ती या पोरासाठी अर्धीच उघडी होती.

पुढं मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूल. शहर मोठं, शाळा नामांकित, पण जात तिथंही आलीच. गुरुजींनी एकदा फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर फळ्यामागं डबे ठेवलेल्या पोरांनी आधी धावत जाऊन आपापले डबे उचलले. मग भीमराव फळ्याजवळ गेला. 1907 साली तो मॅट्रिक झाला आणि 1912 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए.

त्या काळातलं मुंबई विद्यापीठ म्हणजे फोर्टमधला तो उंच राजाबाई टॉवर आणि शेजारचा पदवीदानाचा दगडी हॉल. या दोन्ही इमारतींचे नकाशे काढले लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट नावाच्या वास्तुविशारदानं. गंमत अशी, की हा माणूस कधी हिंदुस्थानात आलाच नाही. तिकडं बसून कागदावर नकाशे काढले, जहाजानं पाठवले, इकडं दगड घडले. टॉवरला पैसा दिला प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्यानं. त्यानं टॉवरला आपल्या आईचं, राजाबाईचं नाव दिलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या तिजोऱ्या भरल्या, तो हा काळ. वऱ्हाडातला कापूसही तेव्हा मुंबईला जात होता. आपल्या काळ्या मातीचा थोडा अंश त्या टॉवरात असेल, असं म्हणायला हरकत नाही.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली आणि 1913 मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला. हे विद्यापीठ सोळा वर्षांआधीच नव्या जागेत आलं होतं आणि ती सगळी जागा एकाच आराखड्यानं आखलेली होती. चार्ल्स मॅककिम हा तिचा वास्तुविशारद. मधोमध मोठ्या घुमटाचं ग्रंथालय, समोर रुंद पायऱ्या, आजूबाजूला शिकवण्याच्या इमारती आणि त्याच आवारात पोरांची वसतिगृहं. भीमराव आधी हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात राहिला, नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी मित्रासोबत. इथं कोणी जात विचारली नाही. ज्या नळाचं पाणी दुसरा पितो, त्याच नळाचं आपण प्यायचं. ज्या टेबलावर दुसरा जेवतो, तिथंच बसायचं. पोरगा ग्रंथालयात असा घुसला की जेवणाची आठवण राहत नसे. खाण्यात काटकसर करून त्यानं ढिगानं पुस्तकं घेतली.

कॉलेजचं आवार कसं असावं याचा धडा तिथंच मिळाला का, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण मधोमध पुस्तकं आणि भोवती राहणारी पोरं, ही मांडणी त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते.

लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून 1917 साली त्यांना परत यावं लागलं. जहाजानं वेगळं पाठवलेलं सामान पहिल्या महायुद्धात टॉर्पेडोनं बुडालं, त्यात पुस्तकंही गेली. बडोद्याला संस्थानची नोकरी करायला गेले तर राहायला जागा मिळेना. एका पारशी उतारगृहात कसंबसं राहिले. जात कळल्यावर लाठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. परदेशात शिकून आलेला अधिकारी बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसून रडला. महाराजांची नोकरी होती, पगार होता, डोक्यावर छप्पर मात्र नव्हतं.

पुन्हा लंडन, डी. एस्सी., बॅरिस्टर, मग मुंबईत वकिली. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला पोरांसाठी वसतिगृह सुरू केलं. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. मोठा मोर्चा नाही, पक्ष नाही, आधी पोरांच्या राहण्याची सोय. खेड्यातल्या पोराला शहरात कोणी खोली देत नाही, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. शाळा फुकट केली तरी झोपायला जागा नसेल तर पोरगा परत गावात येतो आणि पाटलाच्या वावरात राबतो.

1927 चा महाड सत्याग्रह, काळाराम मंदिर, गोलमेज परिषदा, पुणे करार, या गोष्टी दरवर्षी जयंतीच्या भाषणांत येतात. त्याच धामधुमीत, 1930 नंतरच्या वर्षांत, त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचं घर बांधलं. नाव ठेवलं राजगृह, जुन्या मगध देशाच्या राजधानीचं. या घराचा नकाशा त्यांनी स्वतः लक्ष घालून करून घेतला. राहण्याच्या खोल्यांपेक्षा पुस्तकांच्या जागेची चिंता जास्त. वरच्या मजल्यावर ग्रंथालय, ही त्या घराची खरी ओळख. माणूस घर बांधताना कोणती खोली मोठी ठेवतो, त्यावरून त्याचा स्वभाव कळतो. आपल्याकडं आधी देवघर आणि बैठक मोठी असते.

1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या खात्यात कामगारांचे कायदे येत, तसंच सिंचन, वीज आणि केंद्राचं सार्वजनिक बांधकामही येत होतं. दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या प्रकल्पाच्या फायली त्यांच्या हाताखालून गेल्या. इंजिनियर काय बोलतो, अंदाजपत्रक कुठं फुगतं, कंत्राट कसं चालतं, हे त्यांना चांगलं कळत होतं. पुढं औरंगाबादला हे सगळं कामी आलं.

8 जुलै 1945 ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्या वर्षी जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. कुठं? मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकीत. युद्ध संपलं होतं, बराकी रिकाम्या होत होत्या, त्या मिळवल्या आणि बाकं टाकली. फोर्टमधल्या आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारती नंतर आल्या. आधी वर्ग, मग इमारत. आजकाल आपल्याकडं उलटं दिसतं. रस्त्याच्या कडेला आधी संस्थेची कमान उभी राहते, कमानीवर संस्थापकाचं नाव येतं, वर्गखोल्यांचं काय ते पुढं पाहू.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामाचं राज्य संपलं. पैनगंगेपलीकडचा मुलूख मोकळा झाला. तेव्हा बाबासाहेब दिल्लीत कायदामंत्री, घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. तब्येत बिघडलेली, मधुमेह आणि पायाचं दुखणं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे माईसाहेबांशी त्यांचं लग्न झालं होतं. एवढ्या कामात असलेल्या माणसानं मुंबई-पुणं सोडून औरंगाबाद का निवडलं? तिथं काहीच नव्हतं म्हणून. जिथं चार कॉलेजं आहेत तिथं पाचवं काढायला कोणीही तयार होतो.

दुसरंही एक कारण असावं. औरंगाबादजवळ वेरूळ आहे, अजिंठा आहे आणि शहराच्या उत्तरेला डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. बाबासाहेबांना या लेण्यांची फार ओढ. ज्या डोंगरात दीड-दोन हजार वर्षांआधी भिक्खू राहत होते, शिकत होते, शिकवत होते, त्याच्या पायथ्याला नवं विद्यापीठ व्हावं, असा विचार त्यामागं दिसतो. विहार म्हणजे एका अर्थानं जुन्या काळचं वसतिगृहच. मध्ये मोठी मोकळी जागा, कडेनं राहण्याच्या लहान लहान खोल्या. लेण्यात फिरून आलेल्या कोणालाही हे चटकन ध्यानात येतं.

जून 1950 मध्ये वर्ग सुरू झाले, आणि तेही स्वतःची इमारत नसताना. त्या वेळी कॉलेज उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं होतं. शहराबाहेर, मकबऱ्याच्या बाजूला मोठी माळजमीन मिळवली. पैशाची ओढाताण होती. सोसायटी गरिबांची, देणगीदार शेठ मोजकेच. हैदराबाद सरकारकडून कर्ज काढावं लागलं. शिवाय त्या काळात सिमेंट आणि लोखंड परवान्यावर मिळायचं. पैसा हातात असला तरी सिमेंट मिळेलच याची खात्री नाही. ज्यांनी घरकुलाच्या हप्त्यासाठी पंचायत समितीच्या चकरा मारल्या आहेत, त्यांना ही कसरत वेगळी सांगायला नको.

1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद औरंगाबादला आले आणि त्यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. ज्या पोराच्या गोणपाटाला शाळेचा गडी हात लावत नव्हता, त्याच्या कॉलेजची कोनशिला देशाच्या राष्ट्रपतींनी बसवली. महिना पुरा व्हायच्या आत, 27 सप्टेंबरला, हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. पुढच्या निवडणुकीत मुंबईतून पडले. लोकांनी समजलं की आता ते थकले. पण औरंगाबादचं काम चालूच होतं.

तेव्हा मनमाडहून औरंगाबादला लहान रुळाची गाडी यायची. दुखऱ्या पायांनी, काठी टेकत बाबासाहेब यायचे, काही वेळा बरेच दिवस मुक्काम करायचे. बळवंतराव वराळे हे त्यांचे जुने सहकारी तिथं राहून कारभार पाहत होते. प्राचार्य म्हणून म. भि. चिटणीस यांना आणलं होतं. जातीनं ते दलित नव्हते. कॉलेज दलितांनी काढलेलं असलं तरी शिकवणारा आणि शिकणारा कोणत्याही जातीचा चालेल, अशी पद्धत सुरुवातीपासूनच होती.

इमारतीचे नकाशे बाबासाहेब स्वतः तपासायचे आणि बदल सांगायचे. काम मनासारखं झालं नाही तर इंजिनियरला आणि कंत्राटदाराला खडसवायचे. त्यांचा राग प्रसिद्ध होता. आता कोणी विचारेल, कायदेपंडिताला बांधकामातलं काय कळतं? पण कॉलेजचा नकाशा म्हणजे नुसत्या भिंती मोजणं नसतं. एप्रिलच्या उन्हात पश्चिमेची भिंत तापली तर दुपारच्या तासाला पोरं पेंगतात. जिना अरुंद ठेवला तर तास सुटल्यावर रेटारेटी होते. वसतिगृह लांब ठेवलं तर संध्याकाळी ग्रंथालय रिकामं राहतं. प्यायच्या पाण्याची जागा कुठं ठेवायची, तिथं कोणाला उभं राहावं लागेल, हाही नकाशाचाच प्रश्न आहे. या शेवटच्या प्रश्नाची जाण त्या माणसाइतकी कोणत्या वास्तुविशारदाला असणार?

त्यांच्या मनातलं चित्र एका इमारतीचं नव्हतंच. कॉलेज, पोरांचं वसतिगृह, शाळा, ग्रंथालय, मैदान असं सगळं एका आवारात. 1955 मध्ये तिथं मिलिंद हायस्कूलही सुरू झालं. माळ उजाड होता. झाडं लावून घेतली. शेतकऱ्याला माहीत आहे, मुरमाड जमिनीत झाड जगवायचं म्हणजे पहिले दोन उन्हाळे पाणी डोक्यावरून न्यावं लागतं. आवाराला नाव दिलं नागसेनवन आणि कॉलेजला मिलिंद. मिलिंद म्हणजे मिनँडर नावाचा ग्रीक राजा. तो मोठा वाद घालणारा, भल्याभल्यांना प्रश्न विचारून गप्प करणारा. त्याला नागसेन नावाचा भिक्खू भेटला आणि राजाच्या एकेका प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं. ही प्रश्नोत्तरं पाली ग्रंथात आहेत. म्हणजे आवाराला नाव उत्तरं देणाऱ्या गुरूचं आणि कॉलेजला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं. पोरांनी प्रश्न विचारावेत हे पाटीवरच लिहून ठेवल्यासारखं झालं. आपल्या शाळांत अजूनही जास्त प्रश्न विचारणाऱ्या पोट्ट्याला खाली बसवतात.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. यवतमाळ जिल्ह्यातून माणसं पायी, बैलगाडीनं, रेल्वेनं गेली. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. नागसेनवनाचं चित्र तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. वसतिगृहं, वेगवेगळी महाविद्यालयं, हे वाढत राहिलं. 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याचं आवारही याच बाजूला, लेण्यांच्या डोंगरापाशी आलं. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळायला मात्र फार वर्षं लागली. 1978 मध्ये विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. 1979 साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडं लाँग मार्च निघाला. आपल्या भागातल्या आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या लोकांना ते दिवस चांगले आठवतात. शेवटी 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला.

मिलिंदमधून बाहेर पडलेल्या पोरांनी काय केलं, हा वेगळा मोठा विषय आहे. शिक्षक, वकील, अधिकारी तर झालेच. मराठीतलं दलित साहित्य वाढलं, त्यातही नागसेनवनाचा वाटा मोठा. नागपूरचे गंगाधर पानतावणे याच मिलिंदमध्ये प्राध्यापक होते आणि त्यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ मधून खेड्यापाड्यातली पोरं पहिल्यांदा लिहायला लागली.

आपल्याकडून दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनी स्तूपाच्या आवारातलं डॉ. आंबेडकर महाविद्यालय पाहिलं असेल. ते 1964 चं, बाबासाहेबांच्या पश्चात निघालेलं. त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं आवार पाहायचं तर औरंगाबादलाच, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं. दिवाळीनंतर यवतमाळ, पुसद, दारव्हा, आर्णीच्या शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला निघतात. गाडी बीबी का मकबऱ्याला थांबतेच. नागसेनवन तिथून अगदी जवळ आहे, गाडीवाल्याला मिलिंद कॉलेज सांगितलं तरी पुरतं. आत झाडांची सावली चांगली आहे, डबे खायला बसता येतं. फक्त कॉलेजचे तास चालू असतील तर पोरांना गोंधळ करू देऊ नये.